चित्रं नाहीत, पण खिडकी आहे

थोरामोठ्यांच्या गावी जाऊन येण्याची हौस आपल्याला काही नवी नाही. आळंदी-देहूला आपण जातो, दर्ग्यावर जियारतीला जातो, आवडत्या लेखकाच्या गावावरून एसटी जात असेल तर खिडकीतून मान वाकवून त्याचं घर शोधतो. पण चित्रकाराच्या गावाची गोष्ट थोडी निराळी असते. देहूला तुकोबांचा अभंग कानावर पडतो. लेखकाच्या गावी त्याचं पुस्तक मिळतं. चित्रकाराच्या गावी मात्र बहुधा त्याचं चित्रच नसतं.

याचं कारण साधं आहे. कविता छापली की तिच्या हजार प्रती निघतात आणि त्यातली प्रत्येक प्रत तितकीच खरी असते. चित्र एकच असतं. ते विकत घेणाऱ्याबरोबर जातं, त्याच्याकडून दुसऱ्याकडे जातं आणि शेवटी दूरच्या एखाद्या मोठ्या शहरातल्या संग्रहालयात भिंतीवर लागतं. चित्रकार जितका मोठा, तितकी त्याची चित्रं गावापासून लांब. मग कुणीही विचारील, चित्रंच नाहीत तर तिथं जायचं कशाला? तिथं बघायचं तरी काय?

या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मला फ्रान्समधल्या चार ठिकाणी मिळालं. तीन दक्षिणेतली, प्रोव्हाँस प्रांतातली, आणि एक पॅरिसजवळचं. त्यातलं पहिलं गाव पॉल सेझान याचं आणि उरलेली तीन व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची. सेझान जन्मला १८३९ साली, वारला १९०६ साली. व्हॅन गॉग जन्मला १८५३ साली आणि अवघ्या सदतिसाव्या वर्षी, १८९० मध्ये गेला. दोघांचा काळ एक, दक्षिणेतला उजेड एक, पण दोघांनी काम केलं त्या खोल्या आणि त्या खोल्यांच्या खिडक्या अगदी वेगवेगळ्या. त्या खिडक्यांबद्दलच मला आज सांगायचं आहे.

एक्स-आँ-प्रोव्हाँस हे सेझानचं जन्मगाव. शहर सुखवस्तू आहे; जागोजागी कारंजी, रस्त्यांवर प्लेन वृक्षांची सावली. सेझानचे वडील तिथले बँकर होते. ते १८८६ साली वारले आणि मुलासाठी भरपूर मालमत्ता ठेवून गेले. आई १८९७ मध्ये गेली, त्यानंतर दोन वर्षांनी राहतं मोठं घर विकलं गेलं. मग सेझाननं १९०१ मध्ये शहराच्या उत्तरेला, ले लोव्ह नावाच्या टेकाडावर जमीन घेतली आणि तिथं आपल्या मनाजोगता स्टुडिओ बांधला. १९०२ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षं, तो तिथं काम करत होता.

हा स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरची एकच मोठी, उंच छताची खोली. उत्तरेची जवळजवळ सगळी भिंत काचेची आहे. ही खिडकी उत्तरेलाच का, हे तिथं उभं राहिल्यावर कुणी न सांगता कळतं. युरोपात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. उत्तरेच्या खिडकीतून ऊन कधी आत येत नाही, नुसता उजेड येतो. तो सकाळी जसा असतो तसाच दुपारी असतो. टेबलावरच्या सफरचंदाची सावली तासागणिक सरकत नाही. सेझान एकेका वस्तूकडे दिवसचे दिवस बघत बसायचा. असं बघायचं तर उजेड स्थिर हवा, आणि त्यानं तो भिंत फोडून मिळवला होता.

त्याच खिडकीच्या बाजूला भिंतीत एक उंच, अरुंद फट आहे. जेमतेम माणूस आडवा होऊन बाहेर पडेल एवढी. पाहुणे आधी चक्रावतात. ती फट माणसासाठी नाही, चित्रांसाठी आहे. स्नान करणाऱ्या स्त्रियांची जी प्रचंड चित्रं सेझान अखेरच्या वर्षांत करत होता, त्यातलं आज अमेरिकेत फिलाडेल्फियाला असलेलं चित्र सुमारे अडीच मीटर रुंद आहे. असा कॅनव्हास जिन्यावरून उतरत नाही. तो त्या फटीतून बाहेर काढायचा आणि उघड्यावर, झाडांच्या सान्निध्यात तपासून पाहायचा. चित्रांवरच्या पुस्तकात ही फट दिसत नाही. पण ती पाहिली की पासष्टीच्या आसपासचा, मधुमेहानं थकलेला एक माणूस काय पल्ल्याचं काम मनात धरून बसला होता, ते ध्यानात येतं.

खोलीतल्या फळीवर बरण्या आहेत, कवट्या आहेत, एक प्लास्टरचा बाळ-मदन आहे. त्याच्या चित्रांतून ओळखीच्या झालेल्या वस्तू. मला मजा वाटली ती अशी, की या वस्तू अगदीच सामान्य आहेत. बाजारात कुणी हात लावणार नाही अशा. चित्रात त्यांना जे वजन आहे ते वस्तूंचं नाही, हे तिथं स्वच्छ दिसतं.

स्टुडिओतून बाहेर पडून चढण चढत गेलं की एक मोकळी जागा लागते. तिथून समोर सेंत व्हिक्त्वारचा डोंगर दिसतो. उंची फक्त १०११ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती काही विशेष वाटायची नाही. या एका डोंगराची सेझाननं तेलरंग आणि जलरंग मिळून ऐंशीहून अधिक चित्रं केली. मी तिथल्या कठड्यावर तासभर बसलो होतो. पहिली दहा मिनिटं मला नुसता डोंगर दिसला. मग ढग आला, डोंगर जवळ आल्यासारखा झाला, ढग गेला तसा तो मागे सरला. निळा होता तो करडा झाला, करड्याचा गुलाबी झाला. मग लक्षात आलं, की एकाच डोंगराची ऐंशी चित्रं या म्हणण्याला काही अर्थ नाही. डोंगर एक नव्हताच.

ऑक्टोबर १९०६ मध्ये असंच उघड्यावर चित्र काढत असताना सेझान वादळी पावसात सापडला, वाटेत कोसळला. धोब्याच्या गाडीत घालून त्याला घरी आणलं. काही दिवसांतच तो गेला.

आणि गावाचं काय? गावच्या संग्रहालयाचे प्रमुख, आँरी पोंतिए, हे सेझानच्या चित्रांचे कट्टर विरोधक होते. आपण जिवंत असेपर्यंत सेझानचं चित्र या इमारतीत येणार नाही असं ते म्हणत, आणि ते शब्दाला जागले. पुढं १९८४ मध्ये फ्रान्स सरकारनं आपल्याकडची काही चित्रं तिथं ठेवायला दिली तेव्हा कुठं गावात सेझान बऱ्यापैकी दिसू लागला. त्याचा स्टुडिओही १९५० च्या दशकात पाडला जाण्याच्या बेतात होता. अमेरिकेतल्या चाहत्यांनी वर्गणी काढून तो वाचवला आणि १९५४ मध्ये लोकांसाठी खुला झाला. २०२५ साली याच शहरानं थाटामाटात सेझान वर्ष साजरं केलं.

इथं आपल्या एका माणसाची आठवण काढायला हवी. सय्यद हैदर रझा. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मलेले, नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. १९४८ मध्ये काश्मीरात त्यांची गाठ प्रख्यात फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी रझांची चित्रं पाहिली आणि सल्ला दिला, की चित्राला इमारतीसारखी बांधणी लागते, ती शिकायची तर सेझानचा अभ्यास करा. १९५० मध्ये रझा शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. पुढं दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ नावाच्या डोंगरी खेड्यातही त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. साठ वर्षांनी ते भारतात परतले, आणि २०१६ मध्ये दिल्लीत वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आलं. चित्रकारांच्या गावांचे रस्ते असे एकमेकांना मिळालेले असतात. कुणी सेझानच्या डोंगराकडे निघतो आणि नर्मदेच्या काठी येऊन थांबतो.

एक्सहून आर्ल साधारण पाऊणशे किलोमीटर. इथून पुढचा प्रवास व्हॅन गॉगचा. आपल्याकडच्या अनेक वाचकांची त्याच्याशी ओळख झाली ती आयर्विंग स्टोन यांच्या १९३४ साली आलेल्या ‘लस्ट फॉर लाइफ’ या कादंबरीतून. माझीही तशीच. कादंबरीनं तो जवळचा केला, पण त्याचा कापलेला कान त्याच्या चित्रांपेक्षा मोठा होऊन बसला, हेही खरंच.

व्हॅन गॉग आर्लला पोचला २० फेब्रुवारी १८८८ या दिवशी. दक्षिणेतला स्वच्छ उजेड हवा म्हणून आला आणि गाडीतून उतरला तो बर्फात. पण वसंत आला, झाडं फुलली, आणि पंधरा महिन्यांत त्यानं तिथं सुमारे दोनशे चित्रं केली. सूर्यफुलं, झोपण्याची खोली, रात्रीचा कॅफे, लाल द्राक्षमळा, सगळं तिथलंच. आज त्यातलं एकही चित्र आर्ल शहराच्या मालकीचं नाही. सूर्यफुलं लंडनला आणि म्युनिकला, झोपण्याची खोली ॲमस्टरडॅमला, द्राक्षमळा मॉस्कोला. २०१४ पासून शहरात त्याच्या नावाचं एक कलादालन चालतं, तिथं इतरांकडून काही काळासाठी मागून आणलेली मूळ चित्रं बघायला मिळतात.

त्याचं पिवळं घर लामार्तीन चौकात होतं. महिना पंधरा फ्रँक भाड्यानं त्यानं ते घेतलं होतं. इथं चित्रकारांची वसाहत करायची, सगळ्यांनी मिळून राहायचं, काम करायचं, असं त्याचं स्वप्न होतं. आला फक्त पॉल गोगाँ, आणि तोही दोन महिन्यांत निघून गेला. ते घर आज नाही. जून १९४४ मधल्या बॉम्बवर्षावात त्याची पडझड झाली आणि पुढं ते पाडलं गेलं. चौकात एका फलकावर त्या घराचं चित्र लावलं आहे. चित्रात घराच्या मागे एक उंच इमारत आहे; ती मात्र अजून तशीच उभी आहे. फलकाकडे बघायचं, मग वर त्या इमारतीकडे बघायचं, आणि मधल्या रिकाम्या जागेत घर आपल्या मनानं बांधायचं. आर्लमध्ये मला सगळ्यात खरी वाटलेली जागा ही, जिथं काहीच नाही.

कारण बाकीच्या आर्लमध्ये उलट प्रकार आहे. फोरम चौकातला तो प्रसिद्ध कॅफे घ्या. सप्टेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगनं रात्री तिथं बसून चित्र काढलं. त्यातली पिवळी भिंत सगळ्यांच्या ओळखीची. पण ती भिंत काही पिवळी नव्हती. गॅसच्या मोठ्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडला होता, आणि त्या उजेडाचं चित्र त्यानं काढलं. बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्यानं हे समजावून सांगितलं आहे, काळा रंग न वापरता रात्र रंगवली याचा आनंदही कळवला आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस कॅफेवाल्यांनी भिंतच पिवळी रंगवून टाकली, चित्रासारखी दिसावी म्हणून. आता ती भर दुपारीही पिवळी दिसते. दिवा गेला आणि रंग तेवढा राहिला. गावाबाहेरचा त्याचा उचलता पूल असाच. मूळचा केव्हाच गेला, तसाच दुसरा एक दुसरीकडून आणून उभा केला आहे. ज्या रुग्णालयात त्याला ठेवलं होतं तिथल्या अंगणातली बागही त्याच्या चित्रावरून पुन्हा लावली आहे. तिथं आज ग्रंथालय आहे, मुलं बागेच्या कडेनं बसून अभ्यास करतात. ते मला आवडलं. पण प्रवाशानं एवढी खूणगाठ बांधावी, की चित्रासारखं दिसणारं सगळं चित्राच्या आधीचं नसतं.

मग आर्लमध्ये खरं काय उरलं? एक वारा. मिस्त्राल म्हणतात त्याला. उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येतो, दिवस दिवस थांबत नाही. चित्राची घोडी उभी राहावी म्हणून व्हॅन गॉग तिचे पाय जमिनीत रोवायचा, शेजारी लोखंडी खुंट्या ठोकायचा आणि दोरीनं सगळं करकचून बांधायचा. टोपी हातात धरून त्या वाऱ्यात उभं राहिलं म्हणजे त्याच्या चित्रांतली झाडं अशी पिळवटलेली का दिसतात याचं निदान अर्धं उत्तर मिळतं.

आणि दुसरं उरलं आकाश. पिवळ्या घरापासून दोन-तीन मिनिटांवर नदीचा काठ आहे. तिथं त्यानं ऱ्होनवरच्या चांदण्या रात्रीचं चित्र केलं. ते आता पॅरिसला आहे. चित्रात पाण्यावर दिव्यांचे लांब पट्टे आणि वर ठसठशीत सप्तर्षी. मी रात्री जेवण उरकून त्या काठावर गेलो. चित्रातलं नदीचं वळण समोर ठेवून उभं राहिलं तर तोंड नैर्ऋत्येकडे होतं. सप्तर्षी तिथं कसे दिसतील? ते उत्तरेचे; ध्रुव शोधायला आपण लहानपणापासून त्यांचाच आधार घेतो. ते माझ्या पाठीमागे होते. म्हणजे व्हॅन गॉगनं मान वळवून मागचं आकाश पुढं आणलं होतं. नदी समोरची, तारे पाठीमागचे. तो वेडाच्या भरात चित्रं फासत होता अशी जी समजूत आहे, ती त्या काठावर गळून पडते. ही मांडणी शांत डोक्याच्या माणसाची आहे.

डिसेंबर १८८८ मध्ये तो आजारी पडला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचं फारसं कुणी सांगत नाही. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शेजारपाजारच्या तीसेक लोकांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला, की या माणसापासून आम्हाला धोका आहे, त्याला कोंडावं. पोलिसांनी घराला सील ठोकलं, त्याला रुग्णालयात टाकलं. मला त्या तीस जणांना दोष देणं सोपं वाटत नाही. ती माणसं घाबरली होती, त्यांची मुलंबाळं त्या चौकात खेळत होती. पण त्यांच्या रोजच्या रस्त्यावर, समोरच्या घरात सूर्यफुलांची चित्रं लावलेली होती. परगावचा, तुटक बोलीचा, अंगावर रंगाचे डाग असलेला एक भाडेकरू त्यांना दिसला, चित्रं दिसली नाहीत. अशा अर्जावर आपल्या गल्लीत आपण सही केली असती की नाही, हा प्रश्न घेऊनच आर्लमधून निघावं लागतं.

तिथून सां रेमी पंचवीस किलोमीटर. रेल्वे नाही, बसनं जावं लागतं. गावाबाहेर, ऑलिव्हच्या बागांमध्ये, आल्पी नावाच्या खडकाळ टेकड्यांच्या पायथ्याशी एक जुना मठ आहे. त्याचंच मनोरुग्णालय झालं होतं. मे १८८९ मध्ये व्हॅन गॉग आपणहून तिथं दाखल झाला आणि वर्षभर राहिला. त्या एका वर्षात सुमारे दीडशे चित्रं. ते आजही मनोरुग्णालयच आहे, आणि तिथल्या स्त्री-रुग्णांना चित्रकलेतून उपचार दिले जातात. प्रवाशांसाठी एक खोली त्याच्या खोलीसारखी मांडून ठेवली आहे: लोखंडी खाट, खुर्ची, आणि गज लावलेली खिडकी.

ही दुसरी खिडकी. पूर्वेकडे तोंड केलेली. तिच्यातून कुंपणाच्या भिंतीनं वेढलेलं शेत दिसतं, मागे टेकड्या. व्हॅन गॉग पहाटे उठून इथं उभा राहायचा. सूर्योदयाच्या खूप आधी आपण शुक्राची चांदणी पाहिली, ती फार मोठी दिसत होती, असं त्यानं भावाला कळवलं होतं. त्यानंतर जून १८८९ मध्ये झालं ते ‘तारांकित रात्र’ हे जगप्रसिद्ध चित्र. आज ते न्यूयॉर्कला आहे. पण खिडकीपाशी उभं राहून चित्र आठवलं की एक गोष्ट खटकते. चित्रात टेकडीखाली गाव आहे, चर्चचा उंच मनोरा आहे, घरांतून दिवे लागलेले आहेत. खिडकीतून गाव दिसतच नाही. झोपण्याच्या खोलीत रंगकामाची सोयही नव्हती. चित्र त्यानं कामासाठी मिळालेल्या वेगळ्या खोलीत दिवसा केलं. आकाश पाहिलेलं, गाव मनातलं. कोंडलेल्या माणसानं रात्रीच्या आभाळाखाली लोकवस्ती आणून ठेवली, तिच्या खिडक्यांत दिवे लावले. न्यूयॉर्कमध्ये चित्रासमोर कितीही वेळ उभं राहिलं तरी हे कळायचं नाही. त्याला इथंच यावं लागतं.

शेवटचं ठिकाण ओव्हेर सुर वाझ. पॅरिसपासून तीसेक किलोमीटर, वाझ नदीच्या काठचं शांत खेडं. व्हॅन गॉग २० मे १८९० रोजी इथं आला आणि सत्तर दिवस जगला. या सत्तर दिवसांत सत्तरहून अधिक चित्रं झाली. राव्हू नावाच्या खाणावळीत माळ्यावरची पाच नंबरची खोली त्यानं घेतली होती. राहणं-जेवण मिळून दिवसाला साडेतीन फ्रँक. पैसे अर्थातच धाकटा भाऊ थिओ पाठवायचा, जसे तो वर्षानुवर्षं पाठवत आला होता.

ही खोली सात चौरस मीटर आहे. आपल्याकडच्या हिशेबानं जेमतेम पाऊणशे चौरस फूट. तिला धड खिडकीही नाही, छपरात एक लहानसा झरोका आहे. त्यातून आकाशाचा एक तुकडा तेवढा दिसतो. २७ जुलैच्या संध्याकाळी छातीत गोळी घेऊन तो या खोलीत परत आला आणि २९ तारखेला इथंच वारला. त्यानंतर ती खोली पुन्हा कुणाला भाड्यानं दिली गेली नाही. आज तिथं काही मांडलेलं नाही. खाट नाही, नकली चित्रं नाहीत. नुसत्या भिंती आणि वरून पडणारा उजेड. एक्सची ती भिंतभर खिडकी, सां रेमीची गजांची खिडकी आणि हा झरोका, या तिन्हींमधून एकाच काळातला उजेड येत होता. कुणाला किती मिळाला, हे वडिलांच्या पैशावर, भावाच्या मनीऑर्डरीवर आणि डॉक्टरांच्या परवानगीवर ठरत होतं. चित्रांच्या किमती कोटींत ऐकायची आपल्याला सवय झाली आहे. त्या किमतींच्या मागे सात चौरस मीटर आहेत.

ओव्हेरमध्येही आज त्याची चित्रं नाहीत. पण एक दिवस होती. ३० जुलै १८९० रोजी अंत्यविधीच्या वेळी खाणावळीच्या खालच्या खोलीत शवपेटी ठेवली होती आणि मित्रांनी भोवतीच्या भिंतींवर त्याची चित्रं लावली होती. काहींचे रंग ओले असतील. पेटीवर पिवळी फुलं होती. आत्महत्या म्हणून गावच्या धर्मगुरूनं शववाहिका द्यायला नकार दिला, ती शेजारच्या गावाहून आणावी लागली. इतकी चित्रं त्या गावानं एकत्र पाहिली ती त्या दिवशी.

कब्रस्तान चढावर आहे, गव्हाच्या शेतांना लागून. दोन साधे दगड, शेजारी शेजारी: व्हिन्सेंट आणि थिओ. थिओ भावामागोमाग सहा महिन्यांत, जानेवारी १८९१ मध्ये हॉलंडात वारला. त्याची बायको योहाना हिनं १९१४ मध्ये त्याच्या अस्थी इथं आणून भावाशेजारी ठेवल्या. तिनंच दिराची चित्रं आणि पत्रं सांभाळली, जगापुढं आणली. ती नसती तर आज या गावी कुणी आलं नसतं. दोन्ही कबरींवर मिळून एकच आयव्हीचा वेल पसरलेला आहे. एक कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते ते कळत नाही. कबरीपाशी उभं राहिलं की आमच्या लोकांचे हात सवयीनं दुआसाठी उचलले जातात. माझेही उचलले गेले. तिथं आणखी दोघं-तिघं होते, त्यांनी सूर्यफुलं आणली होती. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, फ्रान्सला जाणं सगळ्यांना कुठं जमतं? खरं आहे. पण जायला मिळालं तर काही पथ्यं पाळावीत. मूळ चित्र आधी संग्रहालयात बघून घ्यावं. त्याची पोस्टकार्डाएवढी प्रत खिशात ठेवावी. चित्रकारानं ज्या वेळी काम केलं, त्या वेळी तिथं जावं, आणि कॅमेरा काढण्याआधी निदान पाऊण तास बसावं. मग चित्रातलं काय समोर आहे आणि काय नाही, हे शोधावं. जे नाही, ते त्यानं आणलं. समोर असून चित्रात नाही, ते त्यानं गाळलं. चित्रकाराचं काम म्हणतात ते या आणण्या-गाळण्यात असतं. आणि जायला नाहीच मिळालं, तर व्हॅन गॉगची पत्रं वाचावीत. आठशेच्या वर पत्रं उपलब्ध आहेत, २००९ पासून ती सगळी संगणकावर फुकट वाचता येतात. घरभाड्यापासून शुक्राच्या चांदणीपर्यंत सगळं त्यांत आहे.

ओव्हेरमधली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. व्हॅन गॉगचं शेवटचं चित्र झाडांच्या मुळांचं मानलं जातं. निळी, हिरवी, तपकिरी मुळं एकमेकांत गुंतलेली. चित्र अपुरंच राहिलं. ती मुळं नेमकी कुठली, हे कुणाला ठाऊक नव्हतं. २०२० साली टाळेबंदीत घरी बसून जुनी कागदपत्रं चाळताना वाउटर फान डेर फेन या अभ्यासकाच्या हाती १९०० ते १९१० च्या दरम्यानचं एक पोस्टकार्ड लागलं. त्यात रस्त्याच्या कडेची मातीची दरड होती आणि तिच्यातून बाहेर आलेली झाडांची मुळं. चित्रातली तीच. जागा खाणावळीपासून जेमतेम दीडशे मीटरवर निघाली. चित्रातला उजेड कलत्या दुपारचा आहे, तेव्हा २७ जुलैला दिवस कलेपर्यंत तो तिथंच काम करत होता असा अंदाज अभ्यासकांनी बांधला.

म्हणजे मरणाला सामोरं जायच्या दिवशीही हा माणूस रस्त्याकडेच्या मुळांचा हिरवा नेमका कसा लावावा याच विचारात असणार. आणि त्या दरडीवरून एकशे तीस वर्षं गावकरी जात-येत होते, जगभरातून आलेले आपल्यासारखे प्रवासी हातात नकाशा घेऊन, डोळ्यांत गव्हाची शेतं घेऊन, तिला ओलांडून पुढं जात होते. त्यातलं एक जाडजूड मूळ अजून तिथं आहे. त्याच्याभोवती आता कुंपण घातलं आहे.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)